गावरान अंड्याचा भाव कोणाच्या पदरात?

श्रावण लागला की अंड्यांचे दर उतरतात आणि थंडीची चाहूल लागली की चढतात. महाराष्ट्राच्या बाजाराचा हा ठरलेला क्रम आहे. गेल्या काही वर्षांत मात्र शहरांतील दुकानांत या क्रमाला फारसे न जुमानणारे एक अंडे येऊन बसले आहे. त्याच्या खोक्यावर हिरवे पान असते, कौलारू घराचे चित्र असते आणि 'सेंद्रिय', 'गावरान', 'हर्बल', 'मुक्त संचारातील' अशा विशेषणांपैकी एखाददुसरे ठळक अक्षरांत असते. साधे पांढरे अंडे सहा-आठ रुपयांना मिळते तेव्हा हे अंडे साधारणतः बारा ते वीस रुपयांना विकले जाते. ग्राहक ते घेतो, कारण घरातल्या लहान मुलाला किंवा आजारातून उठलेल्या माणसाला चांगले तेच मिळावे अशी त्याची इच्छा असते. या इच्छेत गैर काही नाही. प्रश्न इतकाच आहे की पांढऱ्या अंड्याहून अधिक मोजलेले हे पाच-दहा रुपये जातात कोठे? ज्या परसात ती कोंबडी दाणे टिपते असे चित्रात दाखवले आहे, त्या परसापर्यंत त्यांतला किती भाग पोहोचतो?

अंडे खावे की न खावे, हा ज्याच्या त्याच्या आचाराचा प्रश्न आहे आणि त्याची चर्चा येथे अभिप्रेत नाही. नंदुरबार, पालघर, मेळघाट, गडचिरोली या पट्ट्यांतील वनवासी कुटुंबांत कोंबडी हा घरच्या बाईच्या हातातला चलनी पैसा असतो. शेळी विकायची तर घरधन्याला विचारावे लागते. कोंबडी आणि अंडी विकून आलेल्या पैशातून मुलाची वही, मीठमिरची, दवाखान्याला जाण्याचे एसटीचे भाडे ती स्वतः भागवते. भूमिहीन असो वा अल्पभूधारक, दहा कोंबड्यांना जमीन लागत नाही. अंत्योदयाची भाषा बोलणाऱ्यांनी ज्या माणसाला रांगेच्या शेवटी उभा असलेला म्हणून ओळखले, त्याच्या घरातील हे अर्थकारण आहे. म्हणून गावरान अंड्याच्या भावाचा विचार केवळ चवीढवीचा विषय म्हणून करता येणार नाही.

देशातील एकूण चित्र मोठे आहे. २०१४-१५ मध्ये भारतात सुमारे ७,८४८ कोटी अंड्यांचे उत्पादन झाले होते. २०२३-२४ मध्ये ते १४,२७७ कोटींवर गेले. दरडोई उपलब्धता वर्षाला १०३ अंडी इतकी झाली. ही वाढ प्रामुख्याने पिंजऱ्यातील संकरित कोंबड्यांची आहे, हे खरे. पण २०१९ च्या विसाव्या पशुगणनेने एक गोष्ट पुढे आणली, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. २०१२ ते २०१९ या काळात व्यापारी कुक्कुटपालनातील पक्षी साडेचार टक्क्यांनी वाढले आणि परसातील पक्षी जवळजवळ ४६ टक्क्यांनी. देशातील ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-बदकांपैकी ३१ कोटी ७० लाख पक्षी परसात होते. ज्याला मागासलेले, मोडीत निघालेले म्हणून कृषी-अर्थशास्त्राच्या पुस्तकांनी केव्हाच निकालात काढले होते, ते परसातील कुक्कुटपालन गावाने स्वतःच्या हिमतीवर टिकवले आणि वाढवले. बाजाराला त्याचा सुगावा लागला, तो त्यानंतर.

हे सांगताना व्यापारी कुक्कुटपालनाला शिव्या घालण्याची जी नवी शहरी टूम निघाली आहे, तिच्यात सामील होण्याचे कारण नाही. या व्यवसायाचा महाराष्ट्रातील इतिहास स्वावलंबनाचाच आहे. पुण्यात १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज उभी केली, तेव्हा भारतीय शेतकऱ्याला जातिवंत पिल्लू आणि लस या दोन्हींसाठी परदेशाकडे पाहावे लागे. पुढे १९८० च्या सुमारास अंड्यांचा भाव मोठ्या शहरांतील मूठभर व्यापारी ठरवीत आणि शेतकरी उत्पादनखर्चाहून कमी दरात माल देऊन मोकळा होई. राव गावोगाव फिरले, शेतकऱ्यांच्या सभा घेतल्या आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती म्हणजे एनईसीसी उभी राहिली. आपल्या मालाचा भाव आपण सांगू, हा साधा विचार तिच्या मुळाशी होता. आजही पांढऱ्या अंड्याचा दर केंद्रागणिक दररोज जाहीर होतो. बारामतीपासून नामक्कलपर्यंत कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला सकाळी तो ठाऊक असतो. त्या दराबद्दल वाद होतात, समिती मोठ्या उत्पादकांच्या कलाने चालते असा आक्षेपही घेतला जातो. पण दर आहे, तो चारचौघांत आहे.

गावरान अंड्याला असा दर नाही. धडगाव किंवा मोलगीच्या आठवडे बाजारात टोपलीत भाताचे तूस घालून वीस अंडी घेऊन बसलेल्या बाईला त्याच दिवशी पुण्यात ते अंडे कितीला गेले, हे कळण्याची कोणतीही सोय नाही. फिरता व्यापारी सांगेल तो भाव. संध्याकाळी परत न्यायची तर उन्हाने अंडी खराब होण्याची धास्ती. चाळीस वर्षांपूर्वी पोल्ट्रीवाले ज्या जागी उभे होते, त्याच जागी आज गावरान अंडे उभे आहे. फरक एवढाच की पोल्ट्रीवाल्यांना राव मिळाले.

आता या अंड्याच्या खर्चाकडे पाहू. कारण 'दुप्पट भाव म्हणजे लूट' असे म्हणणारे आणि 'सेंद्रिय आहे, महाग असणारच' असे म्हणणारे, दोघेही हिशेब मांडत नाहीत. अंड्याच्या उत्पादनखर्चात सुमारे दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश वाटा खाद्याचा असतो. पिंजऱ्यातील संकरित कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते आणि वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देते. म्हणजे एका अंड्यामागे सव्वाशे-दीडशे ग्रॅम खाद्य. किलोला चाळीस रुपये धरले तर पाच-सहा रुपये. अस्सल देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते, एकवीस दिवस अंडी उबवते, मग पिल्ले घेऊन हिंडते. तिला सगळे खाद्य विकत आणून घातले तर एका अंड्यामागे साडेचारशे ग्रॅम खर्ची पडते आणि त्याच दराने अठरा रुपये केवळ खाद्याचे होतात. ते खाद्य प्रमाणित सेंद्रिय असेल तर आणखी वर.

मग परसातली बाई ते अंडे आठ-दहा रुपयांना कसे देऊ शकते? कारण तिची कोंबडी विकतचे खात नाही. खळ्यावर सांडलेला दाणा, उकिरड्यातले किडे, वारुळातली उधई, ताटातले उरलेले अन्न यांवर ती जगते. मुठभर नागली किंवा मका वर टाकला की झाले. जे वाया जाणार होते त्याचे अंडे होते, विष्ठेचे खत होते, शेतातील किडे आयते वेचले जातात. पंडित दीनदयाळजींनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील चार व्याख्यानांतून मांडलेल्या एकात्म मानवदर्शनात निसर्गाचे दोहन आणि शोषण यांतील भेद सांगितला होता. त्याचे इतके छोटे आणि इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. पण याच कारणामुळे या अंड्याला मर्यादाही आहे. एका घराच्या परसात दहा-पंधरा कोंबड्यांपुरतेच असे फुकटचे अन्न असते. तिथे दोनशे कोंबड्या सोडल्या की खाद्य विकत आणावे लागते आणि गावरानपणाचे सगळे गणित फिरते. शहरातील दुकानांत बारमाही, एकसारख्या आकाराची, हजारोंनी मिळणारी 'गावरान' अंडी कोणत्या परसातून येतात, हा प्रश्न ग्राहकाने स्वतःला विचारायला हवा.

मधला एक मार्ग आहे आणि तो भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवला आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा या सुधारित जाती मोकळ्या परसात जगतात आणि देशी कोंबडीच्या दुप्पट-तिप्पट अंडी देतात. त्यांच्या अंड्याचा खर्च अर्धवट विकतच्या खाद्यावरही आवाक्यात राहतो. खडकी, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथील राज्याच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून अशा जातींची पिल्ले वेळेवर आणि पुरेशी मिळाली तर चित्र पुष्कळ बदलेल. मात्र या अंड्याला अस्सल देशी म्हणणे हीही फसवणूकच. त्याला त्याचे स्वतःचे नाव असावे.

नावाचा घोळ हाच या बाजारातील खरा रोग आहे. कवच तपकिरी म्हणजे अंडे पौष्टिक, असा समज सर्वत्र पसरला आहे. वास्तविक कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. पिंजऱ्यातील तपकिरी कोंबडीही तपकिरीच अंडे देते. बलक गर्द पिवळा हवा असेल तर खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला की काम भागते. चहाच्या पाण्यात बुडवून रंगवलेली पांढरी अंडी गावरान म्हणून विकली गेल्याच्या बातम्याही महाराष्ट्रातील वाचकांना नव्या नाहीत. अशी फसवणूक उघड झाली की ग्राहक सगळ्याच गावरान अंड्यांकडे संशयाने पाहू लागतो. शिक्षा होते ती टोपली घेऊन बसलेल्या बाईला.

याच नावाच्या जोरावर शेतकऱ्यालाही नागवले गेले आहे. झाबुआच्या भिल्ल-भिलाला बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या कडकनाथ कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि काळ्या मांसाच्या या कोंबडीचे औषधी गुण सांगणाऱ्या जाहिरातींना ऊत आला. पश्चिम महाराष्ट्रात शेतकऱ्यांकडून ठेवी घेऊन पिल्ले देण्याची आणि अंडी व पक्षी चढ्या भावाने परत घेण्याची आश्वासने दिली गेली. २०१९ मध्ये हा डोलारा कोसळला. खाद्य येईना, माल उचलणारे कोणी येईना, आणि कर्ज काढून शेड उभारलेल्या तरुणांच्या दारात भुकेल्या कोंबड्या उरल्या. बाजारात मागणी किती आहे हे न पाहता नावाला भाव आला की काय होते, याचा हा धडा पुरेसा महाग होता.

ग्राहकाची सेंद्रियाकडे धाव निव्वळ हौसेची आहे, असेही म्हणता येत नाही. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये तपासलेल्या कोंबडीच्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले होते. माणसावरील उपचारात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषध कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून दिले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता त्याच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली, हे योग्यच झाले. पिंजऱ्यांचे म्हणाल तर एका कोंबडीच्या वाट्याला लिहिण्याच्या कागदाएवढीही जागा येत नसे. २०२३ च्या नियमांनी किमान ५५० चौरस सेंटिमीटरची अट घातली, तरीही कागद मोठाच ठरतो. भूतदया हा ज्या समाजाच्या धर्मविचाराचा पाया आहे, त्या समाजाला हे परदेशी प्राणिमित्रांनी सांगावे लागावे, यात भूषण नाही.

तेव्हा मागणी खरी आहे आणि पुरवठाही आहे. दोहोंच्या मध्ये विश्वास नाही, आणि विश्वासाच्या जागी खोक्यावरचे चित्र आहे. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या दोन व्यवस्था देशात आहेत. एक वाणिज्य मंत्रालयाची, त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घेण्याची. ती मुख्यतः निर्यातीसाठी घडली आणि दहा कोंबड्यांच्या मालकिणीला तिचा खर्च परवडणे शक्य नाही. दुसरी कृषी मंत्रालयाने २०११ पासून राबवलेली सहभाग हमी पद्धत, पीजीएस. तिच्यात गावातील शेतकऱ्यांचा गट एकमेकांची तपासणी करतो आणि एकमेकांची हमी घेतो. ही कल्पना आपल्या गावगाड्याच्या स्वभावाला जवळची आहे. 'शेजारणीची कोंबडी काय खाते' हे तपासायला गावात निरीक्षक लागत नाही! पण ही पद्धत भाजीपाला-धान्यात जितकी रुजली तितकी कोंबडी-अंड्यात रुजलेली नाही. खेरीज, २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनी उत्पादकाने ग्राहकाला थेट केलेल्या विक्रीस सक्तीच्या प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. छोट्या माणसाच्या सोयीसाठी ठेवलेली ही सूट रास्त आहे. मात्र अंडे व्यापाऱ्याच्या हाती गेले की त्या सुटीचा बाईला उपयोग राहत नाही, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'सेंद्रिय' छापण्याची ऐपत ज्याची, भाव त्याचा होतो.

युरोपने हा प्रश्न एका अंकाने सोडवला. तेथे २००४ पासून प्रत्येक अंड्याच्या कवचावर शिक्का असतो आणि त्याचा पहिला अंक कोंबडी कशी पाळली हे सांगतो: शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे मोकळ्यावरील, दोन म्हणजे बंद घरात पण पिंजऱ्याविना, तीन म्हणजे पिंजऱ्यातील. पुढे देशाचे व शेताचे क्रमांक. ग्राहकाला चित्रावर विसंबावे लागत नाही. युरोपचे सारेच अनुकरणीय मानण्याची गरज नाही. पण जे सोपे आणि प्रामाणिक आहे ते घेण्यात कमीपणाही नाही. भारताच्या विधी आयोगाने जुलै २०१७ मधील २६९ व्या अहवालात पिंजऱ्यातील व पिंजऱ्याविना घेतलेल्या अंड्यांना पशुसंवर्धन खात्याने वेगवेगळे प्रमाणपत्र द्यावे असे सुचवले होते. ती सूचना कपाटात पडून राहिली. 'गावरान' या शब्दाची कायदेशीर व्याख्या करणे, तो शब्द वापरणाऱ्याला जात, पाळण्याची पद्धत आणि गाव अंड्यावर छापणे बंधनकारक करणे, हे राज्य सरकारच्या आवाक्यातील काम आहे.

विदेशी मालापासून या व्यवसायाचे रक्षण करताना भारताने कणखरपणा दाखवला आहे. अमेरिकेत छातीचे मांस खपते आणि तंगड्या उरतात. त्या स्वस्तात भारतात लोटण्याचा खटाटोप तिने अनेक वर्षे केला. बर्ड फ्लूच्या कारणाने भारताने घातलेली आयातबंदी जागतिक व्यापार संघटनेत २०१५ पर्यंत चाललेल्या वादात टिकली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन देशांत समझोता झाला, त्यात टर्की आणि बदकाच्या मांसावरील शुल्क उतरवावे लागले. कोंबडीच्या तंगड्यांवरील शंभर टक्क्यांची भिंत मात्र भारताने तशीच राखली. बाहेरच्या स्वस्त मालाला अशी भिंत घालता येते. चहाच्या पाण्यात अंडी बुडवणाऱ्या घरच्या व्यापाऱ्यापासून धडगावच्या बाईला वाचवणारी भिंत मात्र अजून कोणी घातलेली नाही.

हमखास गिऱ्हाईक तर दाराशीच आहे. राज्याने २०१५ मध्ये वनवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात गरोदर व स्तनदा मातांना आणि पुढे बालकांनाही अंडी, न खाणाऱ्यांना केळी, देण्याची तरतूद झाली. योजनेत धरलेला अंड्याचा दर आणि बाजारातील दर यांचा मेळ बसत नाही, ही अंगणवाडी सेविकांची जुनी तक्रार आहे. परिणामी मेळघाटातल्या, अक्राणीतल्या अंगणवाडीत शेकडो किलोमीटरवरून पांढरी अंडी येतात आणि त्याच पाड्यावरची गावरान अंडी टोपलीतून शहराच्या वाटेला लागतात. अंगणवाडीची अंडी त्याच गावातील बचत गटाकडून, बाजारभावाने आणि रोखीने घेण्याचा नियम झाला तर कुपोषित मुलाच्या ताटात ताजे अंडे पडेल आणि पैसा गावात राहील. 'उमेद' अभियानाने हजारो गावांत महिलांचे गट बांधलेले आहेत. त्यांना वेगळी यंत्रणा लागणार नाही.

राहता राहिला रोगाचा प्रश्न, आणि तो सर्वांत कडू आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू नवापुरात निघाला, तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या वनवासी घरांतील परसबागेच्या कोंबड्याही पकडून मारल्या गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात तेच झाले. ते अटळ होते. अटळ नाही ते मानमोडीचे. राणीखेत नावाने शास्त्राला ठाऊक असलेला हा रोग दर उन्हाळ्यात पाडेच्या पाडे रिकामे करतो आणि त्यावरची लस जुनी, खात्रीची आणि स्वस्त आहे. पण लसीच्या कुपीत शंभरापासून हजारापर्यंत मात्रा असतात. कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते, आणि ती थंडाव्यात पोहोचवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घरासाठी ती कोण फोडणार? पाड्यातील वीस घरांनी एकच दिवस ठरवायचा, गटातील दोघी-तिघींनी डोळ्यांत थेंब टाकायला शिकायचे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याने बर्फाच्या डब्यात कुपी पोहोचवायची, एवढीच ही व्यवस्था आहे. जेथे सेवाभावी कार्यकर्ते पाड्यांवर नियमित जातात तेथे हे काम त्यांनी पुढच्या उन्हाळ्याची वाट न पाहता माघ-फाल्गुनातच हाती घ्यावे. त्याच फेरीत धडगाव, मोलगी, जव्हार, धारणी येथील आठवडे बाजाराच्या तोंडाशी एक फळा टांगावा आणि त्यावर पुण्या-नाशकात त्या आठवड्यात गावरान अंडे कितीला विकले गेले, ते मोठ्या अक्षरांत लिहावे.